काकूंची चरबी

आमच्या दिघीच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. जिन्यात भेटल्या की मनगट धरून थांबवतात आणि कुणी ऐकत नाही ना, हे बघून विचारतात, "माझी चरबी जिती हाय का रं?"

त्यांच्या पोटाच्या ऑपरेशनमध्ये निघालेली चरबी त्यांनी स्वखुशीने संशोधनाला दिली. भोसरीत मी ज्या लॅबमध्ये आहे, तिथे अशा चरबीतल्या पेशी बाटल्यांत वाढवून त्यांच्यावर डायबेटिसची औषधं तपासतात. काकूंच्या यजमानांचं पायाचं बोट याच आजारात गेलं. बाटल्यांवर नावं नसतात, कुठली कुणाची ते मलाही कळत नाही, हे मी पुष्कळदा सांगितलं.

"नाव कशाला पायजे? समद्या जित्या असल्या म्हंजे माझी बी असंल," त्या म्हणतात.

गेल्या महिन्यात पेशींना बुरशी लागली आणि सगळ्या बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. मी काकूंना सरळ सांगितलं. त्या पायरीवर बसल्या.

"समदी गेली?"

"हो. आता कुणाची नवीन मिळाली की पुन्हा सुरुवात."

बराच वेळ त्या पदराने मान पुसत राहिल्या. मग उठल्या आणि पोटावर थाप मारून म्हणाल्या, "माझ्याकडं लई हाय अजून. कधी येऊ?"

नुसतं त्यासाठी कुणाचं पोट कापत नाहीत, असं मी म्हटलं. तेव्हा काकू पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या.

"मी देतीय, तर घेत न्हाई म्हंजे काय?" असं म्हणत त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.