त्रेचाळीस दात

“लिव्हर निघत नाही, मेस्त्री,” नंजुंडा फोनवर म्हणाला. “चिखलात ठीक चालते. काँक्रीटवर आलो की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी अडते. मग लिव्हर ओढली तरी येत नाही. रिव्हर्स घेऊन हिसका दिला तर सुटते.”

मी दुसऱ्या एका गाडीचा क्लच उतरवत होतो. फोन खांद्यात धरून म्हणालो, “नवीन काम आहे. रुळेल.”

चार दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. तक्रार तीच होती. मीही उत्तर तेच दिलं, फक्त आवाज चढवून. चाळीस वर्षं गाड्या उघडतोय, मला शिकवू नकोस, असंही काही म्हणालो. “सरी, मेस्त्री,” म्हणजे बरं, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

नंजुंडा कोडगूतल्या एका कॉफी इस्टेटीवर ड्रायव्हर होता. इस्टेटीच्या मालकांना आम्ही अय्यप्पासाहेब म्हणायचो. त्यांची पिकअप टू-व्हील ड्राइव्ह होती, म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना. पावसात इस्टेटीचा रस्ता चिखलाने भरला की ती जागच्या जागी चाकं फिरवत बसे. त्यांना चारही चाकांना ताकद हवी होती. अशी कामं मैसूरात दोन-तीनच वर्कशॉप करायची. त्यांतलं एक माझं होतं.

काम असं असतं. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस बसवायची. ती ताकद पुढे आणि मागे वाटते. पुढे दुसऱ्या गाडीचा एक्सल घालायचा आणि मधे शाफ्ट टाकायचा. ड्रायव्हरजवळ एक लिव्हर येते. चिखलात ती आत टाकायची, घट्ट रस्त्यावर बाहेर काढायची.

यात एक गोष्ट चुकवून चालत नाही. प्रत्येक एक्सलच्या पोटात एक लहान गिअर आणि एक मोठा गिअर असतो. त्यांच्या दातांच्या हिशेबावर चाकं किती भरभर फिरणार ते ठरतं. पुढचा आणि मागचा हिशेब एकच हवा. तो वेगळा असेल तर एका जुवाला बांधलेल्या दोन बैलांपैकी एक लांब टांगा टाकतो आणि दुसरा आखूड, तसं होतं. चिखलात चाकं घसरून फरक खपून जातो. काँक्रीटवर चाक घसरत नाही. मग सगळा ताण शाफ्टमध्ये आणि ट्रान्स्फर केसमध्ये साठतो. गिअर एकमेकांत इतके घट्ट आवळले जातात की लिव्हर ओढूनही निघत नाही.

नंजुंडा फोनवर हेच सांगत होता. पहिल्या वर्षाच्या ॲप्रेंटिसलाही ते कळलं असतं.

पुढचा एक्सल मी एका जुन्या जीपचा आणला होता. त्यावर हिशेब लिहिलेली पत्र्याची पट्टी असते, ती गळून गेली होती. विकणारा म्हणाला, तुमच्यासारखाच आहे. पट्टी नसेल तर मोजायची रीत सोपी आहे. चाकावर खडूने खूण करायची, चाक फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. दहा मिनिटांचं काम.

एक्सल बसला त्या दिवशी खंडेनवमीची आदली संध्याकाळ होती. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. मैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणालाच नीट सांगता येत नाही. आजोबांच्या वेळी रंगाच्या कढया आणि छापाचे ठोकळे पूजेला मांडत, आमच्या वेळी पाने आणि जॅक. एकदा हत्यारं मांडली की विजयादशमीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणि अय्यप्पासाहेबांना गाडी पूजेला उभी हवी होती. त्यांचा माणूस हार घेऊन आलासुद्धा होता.

माझा धाकटा भाऊ शामू वर्कशॉपचं लेथ मशीन सांभाळायचा. तो म्हणाला, “अण्णा, पुढचे फेरे मोजलेले नाहीत. एकदा मोजून घेऊ या की.”

“हत्यारं पूजेला बसली. आता कुठे गाडी उचलतोस?”

“मग दसऱ्यानंतर देऊ या. दोन दिवसांनी काय बिघडतंय?”

“सुम्मने राहा रे,” मी म्हणालो. सुम्मने म्हणजे गप. घरात आमच्या मराठीत अर्धं कानडीच असतं.

जॅक पूजेला बसला होता हे खरं. पण मी जॅकमुळे थांबलो नाही. मालकापुढे गाडी तयार नाही म्हणायला मला लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी पिकअपला हळदकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. पूजा झालेली गाडी लगेच उघडणं अशुभ, हे मी शामूला सांगितलं आणि स्वतःलाही. दसऱ्याला नंजुंडा ती घेऊन गेला.

तिसरा फोन अय्यप्पासाहेबांचा आला.

इस्टेटीच्या फाटकाशी उतारावर काँक्रीटचा तुकडा होता. खताची पोती भरलेली गाडी चिखलातून वर आली आणि त्या उताराला लागली. लिव्हर आतच होती. ताणाने पुढच्या शाफ्टचा जोड तुटला. तुटलेला शाफ्ट गरगरत ब्रेकचा पाइप तोडून गेला. पुढचे ब्रेक संपले, भरल्या गाडीला मागचे पुरले नाहीत. गाडी बांधावरून खाली गेली. नंजुंडाचा उजवा पाय डॅशबोर्डखाली चेंगरला.

मोडकी गाडी आमच्याकडेच आली. मी आणि शामूने पुढचा एक्सल उघडला. लहान गिअर दोन्हीकडे सारखेच होते. मागच्या मोठ्या गिअरला एकोणचाळीस दात होते. पुढच्याला शामूने मोजले, मग मी मोजले, मग त्याने पुन्हा. त्रेचाळीस. शामू कापसाच्या बोळ्याने हात पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी अय्यप्पासाहेब आले. इस्पितळातून थेट आले होते.

“राव, खरं सांगा. गाडीत दोष होता की त्याच्यात? तो म्हणतो, लिव्हर ओढली पण आली नाही.”

शामू लेथजवळ उभा होता. लेथ बंद होता.

मी म्हणालो, “फोर-व्हील लावून काँक्रीटवर चालवली की शाफ्ट तुटू शकतो, साहेब. कुठल्याही गाडीचा. लिव्हर आतच सापडली.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

साहेबांनी मान हलवली. औषधपाणी त्यांनी केलं, पण नंजुंडाला पुन्हा कामावर घेतलं नाही. पाय दोन बोटं आखूड राहिला. तरी त्या पायाने गाडी चालवता आली असती. पण गाडी पाडणारा ड्रायव्हर म्हणून नाव झालं होतं, आणि तिकडे नाव एका इस्टेटीवरून दुसरीकडे लगेच पोचतं. तो गावी पिरियापट्टणकडे गेला आणि बैलकुप्प्याला एका शाळेच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसू लागला. हे मला ऐकून माहीत होतं. मी गेलो नाही. शामूने दीड वर्षांनी येलवालला वेगळा लेथ टाकला. भांडण असं झालं नाही.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. वर्कशॉप मी केव्हाच दिलं. मागच्या महिन्यात अय्यप्पासाहेबांचा मुलगा जयलक्ष्मीपुरमला माझ्या घरी आला. साहेब आता नाहीत. त्याला दुसरी पिकअप फोर-व्हील करायची होती, सल्ला हवा होता. कॉफी पिता पिता हसून म्हणाला, “अंकल, आमच्याकडे नवीन ड्रायव्हर आला की पहिला धडा एकच. लिव्हर काढायला विसरलास तर तुझा नंजुंडा होईल.”

मी त्याला तिथेच सगळं सांगितलं. त्रेचाळीस दातांसकट.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “जाऊ दे अंकल. अप्पा गेले. आता कशाला उकरायचं?”

मला ते सोयीचं होतं. बारा वर्षं सोयीचंच होतं. तरी दोन दिवसांनी शामूला फोन करून नंजुंडाकडे जातोय म्हणून सांगितलं. “मी येतो,” एवढंच तो म्हणाला. आम्ही दोघं बसने बैलकुप्प्याला गेलो.

नंजुंडा फाटकापाशी खुर्चीवर बसला होता. केस पांढरे झालेले. त्याने मला ओळखलं आणि उठायला लागला. मी त्याला बसवलं आणि उभ्यानेच सांगितलं. पुढचे दात जास्त होते. तुझे दोन्ही फोन बरोबर होते. मी ते नंतर मोजले आणि साहेबांना सांगितलं नाही.

तो चिडेल अशी तयारी करून मी गेलो होतो. तो फाटकाच्या कडीकडे बघत हळूहळू बोलला. सुरुवातीला तो सगळ्यांना सांगायचा, ‘मी लिव्हर ओढली होती.’ बायकोला, भावांना, इस्पितळातल्या नर्सला. कुणी वाद घालत नसे, नुसती मान हलवत. पुढे त्यालाच खात्री वाटेना. काही वर्षांनी तो म्हणायला लागला की विसरलो असेन.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे त्या दिवशी मी ओढली होती ना, मेस्त्री?”

“ओढली असणार, नंजुंडा. ती निघणारच नव्हती.”

“असणार नको,” तो म्हणाला. “हो की नाही, सांगा.”

“हो.”

शामू रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

निघताना नंजुंडाने एकच मागितलं. हे कानडीत लिहून सही करून द्या, जावयाला दाखवायचं आहे, तोही ड्रायव्हर आहे. मी तिथेच शाळेच्या वहीचा कागद मागून लिहून दिलं. साक्षीदार म्हणून शामूने सही केली. इस्टेटीवरही एक प्रत पाठवली. तिकडून अजून उत्तर नाही. आमच्या रंगारी समाजातली माणसं मराठी वाचतात, म्हणून ही हकिगत मराठीत.

वर्कशॉप चालवणाऱ्यांना सांगण्यासारखं थोडंच आहे. दुसऱ्याचा एक्सल घालताना दात मोजा, सण असो की नसो. आणि ड्रायव्हरने तक्रार केली तर आधी गाडी उघडा. गाडीचा पार्ट बदलता येतो, माणसाचा पाय नाही.