अण्णांचे फोटो आणि बंद पडलेला कंटेनर

मागच्या रविवारी मी स्वतःच्या हाताने आईचे सगळे फोटो घालवले... निदान तासभर तरी मला तसंच वाटत होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तुडीलला एकटे राहतात. घरातले अल्बम पुरात गेले, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिचे उरलेले फोटो फक्त अण्णांच्या मोबाईलमध्ये... आणि तो सारखा 'स्टोरेज फुल' म्हणून अडून बसायचा.

मी महाडला शाळेत भूगोल शिकवते. कॉम्प्युटरशी संबंध मार्कलिस्टपुरता. तरी एक व्हिडिओ बघून ठरवलं, जुन्या लॅपटॉपवर घरचाच फोटो सर्व्हर करायचा, म्हणजे फोटो त्यात साठवायचे आणि मोबाईलवरून बघायचे.

हे सॉफ्टवेअर 'कंटेनर'मध्ये चालतं म्हणे... म्हणजे लागणारं सगळं सामान भरलेला तयार डबा. माझे चार कंटेनर सुरू झाले. चारच का, देव जाणे. लॅपटॉपवर फोटो दिसायचे, मोबाईलवर पानच उघडायचं नाही. शेवटी कुठेतरी वाचून मोबाईलमध्ये टाकायचा पानाचा पत्ता बदलला आणि उघडलं... कसं, विचारू नका.

मग अण्णांना महाडला बोलावलं, त्यांचे फोटो सर्व्हरवर चढवले आणि मोबाईलमधून डिलीट केले. ट्रॅशसकट.

रविवारी अपडेट करायला गेले. कुठल्याशा फोरमवरच्या दोन कमांड टाकल्या... आणि समोर नवीन खातं उघडायचं पान. एकही फोटो नाही.

अण्णा शेजारी चहा पीत होते. "काय झाला गो?"

"कंटेनर बंद पडलाय, अण्णा."

"कुठं? कशेडी घाटात?"

मला हसूही येईना. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना फोन लावला.

"बाई, डेटाबेस पुसला गेलाय, म्हणजे फोटोंची यादी गेली," ते म्हणाले. "फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतील. तिथे बघा. आणि आता दुसरं काही दाबू नका!"

फोल्डरच्या आत शेकडो फोल्डर, नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं. एक उघडला... आई. वरंधला, भाचीच्या हळदीत हसताना.

मग आम्ही दोघं एकेक फोटो बघत बसलो. एक अगदीच हललेला, अर्ध्यावर बोट आलेलं, कोपऱ्यात साडीचा काठ. मी डिलीट करायला गेले.

"तो नको पुसू गो," अण्णा म्हणाले. "तेवढा एकच मी काढलेला हाय. बाकी सगळे तुम्ही पोरांनी."

नेमकं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही. सरांनी दोनदा समजावलं, मी दोनदा मान हलवली... सर, मनापासून आभार. आता सगळ्याची एक कॉपी हार्ड डिस्कवर आहे.

तो हललेला फोटो मी छापून अण्णांना दिला. त्या बोटाच्या मागे आई नेमकी कुठे उभी होती, ते त्यांनी मला सांगितलं.