त्यांचं बोलून होऊ दे

आईला तिचं आवडतं गाणं ऐकवावं म्हणून माझ्या मुलीनं फोन तिच्यापुढे धरला. आधी जाहिरात लागली. ती पुढे ढकलायला मुलीचा अंगठा टेकलेलाच होता. आई म्हणाली, "थांब गं, त्यांचं बोलून होऊ दे."

माझ्या लहानपणी रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम एका दंतमंजनाच्या कंपनीतर्फे असायचा. गाण्याआधी मंजनाचं कौतुक चालायचं. तेवढ्यात आम्ही भावंडं बोलायला लागलो की आई डोळे वटारायची. "ते आपल्याला गाणी ऐकवतात. त्यांचे दोन शब्द ऐकायला काय होतं?" ते मंजन आमच्या घरात कधीच आलं नाही; आम्ही राखुंडीनंच दात घासायचो. पण घरी आलेल्या पाहुण्याचं ऐकावं तसं त्यांचं सगळं ऐकून घ्यायचो.

जाहिरात संपून गाणं सुरू झालं. आई डोळे मिटून ऐकत होती. मुलीचा अंगठा मात्र अजून तिथेच होता, आणि त्याच्याकडे बघता बघता मलाच ओशाळल्यासारखं झालं. आई काही सांगायला लागली की आम्हा सगळ्यांचेच अंगठे असे कुठेतरी टेकलेले असतात. तिला ते दिसत असणार.

हल्ली ती फार थोडक्यात बोलते.