सहादूभाऊंनी पुसलेली चामखीळ

एक काळ असा होता की पेपरात फोटो आला की नाशिकचा माणूस देखणा होत असे. त्याचं श्रेय सहादूभाऊंना होतं.

रविवार कारंजाजवळच्या बोळातल्या एका पेपरच्या छापखान्यात ते फोटो तयार करत. फोटो पेपरात जसाच्या तसा जात नाही. बारीक जाळीतून त्याचे ठिपके करायचे, ते जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने कोरायचे, पत्रा लाकडावर ठोकायचा. हा झाला ब्लॉक. त्यावर शाई फिरली की कागदावर चेहरा उमटतो. पण जाळीतून जाताना फिकट चेहऱ्याचा राखेचा गोळा होतो. म्हणून सहादूभाऊ आधी फोटोवर ब्रशने डोळे, भुवया ठळक करत आणि डाग ब्लेडने खरवडत.

इथवर ठीक होतं. पण हात एकदा चालू लागला की थांबत नसे. एका हेडमास्तरांना केस आले. एका कीर्तनकारांचा पडलेला दात त्यांनी परत जागेवर बसवला, तेव्हा बुवा स्वतः पेढे घेऊन आले.

"पेपरात जाताना माणसानं तोंड धुऊन जावं," सहादूभाऊ म्हणत. "लोक धूत नाहीत, मी धुतो."

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात चांदवडकडच्या साळूबाई आल्या. आमटी खारट झाली म्हणून त्यांचा नवरा रंगनाथ ताटावरून उठून गेला होता, तो परतलाच नव्हता. 'हरवले आहेत' म्हणून त्याचा फोटो द्यायचा होता. घरात एकच फोटो होता, जुना, डागाळलेला.

सहादूभाऊंनी मन लावून काम केलं. दाढीची खुंटं उतरवली, टोपी सरळ केली, दोन्ही गालांवरचे काळे ठिपके खरवडून टाकले. रंगनाथ पेपरात आला तो नवरदेव होऊन.

आठवडा गेला. त्याला पाहिलंय असं सांगायला कोणी आलं नाही. आल्या त्या साळूबाईच, हातात पेपर घेऊन.

"दादा, ह्यो कोन?"

"तुमचे मालक."

"माझा मालक असा असता तर मी आमटी खारट केली असती व्हय?"

संपादक खंडेराव हसले आणि मग त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"गालावर हरभऱ्याएवढी चामखीळ हाय त्याच्या," साळूबाई म्हणाल्या. "चांदवडच्या बाजारात कोनबी तिच्यावरनं वळखतं त्याला. ती कुठं गेली?"

सहादूभाऊंनी मूळ फोटो काढला. ओल्या कापसाने रंग पुसताच दाढी परत आली, टोपी वाकडी झाली. पण ब्लेडने गेलेलं परत येईना. दोन्ही गाल जागोजाग पांढरे पडले होते.

"कुठल्या गालावर होती?"

साळूबाईंनी आपल्या डाव्या गालावर बोट ठेवलं. "ह्या."

"म्हणजे त्यांच्या डाव्या," खंडेराव म्हणाले.

"आवो, समोरनं बघितलं की ह्या अंगाला."

"मग त्यांच्या उजव्या."

सहादूभाऊंचा जन्म उलटे ब्लॉक पाहण्यात गेलेला. त्यांच्या डोक्यात साऱ्या गावाचे भांग उलट्या बाजूला होते. ते म्हणाले, "ब्लॉकवर उजवीकडे म्हटल्यावर कागदावर डावीकडे येणार. पण कागदावरचं डावं म्हणजे..." त्यांनी आपलेच दोन्ही गाल चाचपले.

"तुमी समद्यांनी मिळून माझा नवराच उलटा केला," साळूबाई म्हणाल्या.

चामखीळ चुकीच्या गालावर गेली तर तो माणूस पुन्हा हरवणार होता, तोही सहादूभाऊंच्याच हातून.

साळूबाईंनी डोळे पुसले आणि फरशीकडे बोट केलं. "बसा हितं. मांडी घालून."

सहादूभाऊ बसले.

"ह्यो चुलीपाशी असा बसतो. भाकरी वाढाया मी ह्या अंगानं येते." त्या नसलेली भाकरी घेऊन त्यांच्या उजव्या बाजूने वाकल्या. "चामखीळ माझ्याकडं असती." आणि त्यांनी सहादूभाऊंच्या उजव्या गालावर बोट टेकलं. "हितं. नाकापासनं दोन बोटं."

अक्षरं जुळवणारी कंपोझिटर मंडळी टाइपाच्या खणात डोकं घालून उभी राहिली. साळूबाईंचं बोट लगेच उचललं गेलं नाही.

सहादूभाऊंनी फोटोत त्याच गालावर ब्रशने चामखीळ काढली. ब्रश टोपीकडे वळला होता, तो त्यांनी मुकाट्याने खाली ठेवला.

रंगनाथ हरसूलला एका हॉटेलात भजी तळत होता. पहिल्यांदा छापलेल्या फोटोच्या रद्दीत त्याने बाजाराच्या दिवशी अख्ख्या गावाला भजी बांधून दिली होती. 'कुणाचा तरी चांगला मानूस हरवलाय,' असंही म्हणाला होता. दुसऱ्या वेळी हॉटेलमालकाने पेपर पाहिला, गाल पाहिला आणि झारा त्याच्या हातातून काढून घेतला.

नवराबायको छापखान्यात आले तेव्हा साऱ्यांनी आधी उजवा गाल पाहिला. चामखीळ जागेवर होती. खंडेरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

रंगनाथने पेपर घेतला. जवळ धरला, लांब धरला. मग सहादूभाऊंकडे पाहून कुरकुरला, "लय मोठी काढली."

"मग?" साळूबाई म्हणाल्या. "हरसूलपातुर दिसाया नको?"