चकरीची गिटार

तिला चकरी म्हणायला सुरुवात कुणी केली, ते आता कुणालाच आठवत नाही. पण नाव असं चिकटलं, की सलूनच्या पाटीवरचं खरं नाव गिऱ्हाइकंसुद्धा विसरली. एका जागी बसेल तर शपथ! केस कापताना खुर्चीभोवती इतक्या फेऱ्या मारायची, की बसणाऱ्याला घेरी यावी. चहा उभ्याउभ्या, जेवण ओट्याशी, आणि झोपेतही पाय हलतेच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "आमची लिफ्ट निदान मजला आला की थांबते तरी."

बरं, नुसते पाय हलले असते तर हलू द्यायचे. पण मनाचंही तेच होतं. शिवणयंत्र आणलं, उशांचे चार अभ्रे शिवले, यंत्र माळ्यावर. पोहण्याचा क्लास लावला, पाण्याची भीती गेली तशी हौसही गेली. मातीची भांडी, परकी भाषा, विणकाम, सगळं धडाक्यात सुरू आणि अर्ध्यात बंद. माळ्यावर उंदरालाही अंग चोरून जावं लागत असेल. घरात मोठी नणंद होती. तिनं लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायची. पाणीपट्टीच्या कचेरीत खिडकीमागे उभी हयात काढल्यामुळे बसण्याची विद्या तिच्या अंगात पुरती मुरली होती. ती पाहुण्यांना माळा दाखवून सांगायची, "हे आमच्या वहिनीचं संग्रहालय. तिकीट नाही, पण डोकं सांभाळा."

चकरी सगळ्यांबरोबर हसायची. पन्नाशी जवळ आली तसं मात्र ते हसू ओढूनताणून आणावं लागायला लागलं. आपल्या हातून आयुष्यात एकही गोष्ट तडीला गेली नाही, ही काही चारचौघांत सांगून हसण्यासारखी गोष्ट नव्हे. माणूस जगाला फसवू शकतो, माळ्याला नाही.

आणि नेमकी तेव्हाच गिटार मनात शिरली. एका बाईचे केस वाळवत होती, टीव्ही चालू होता, आणि त्यात पांढऱ्या केसांची एक बाई इलेक्ट्रिक गिटार वाजवायला लागली. तो आवाज आधी गुरगुरला, मग किंचाळला, मग लांबच लांब ताणला गेला. चकरीच्या आत इतकी वर्षं जे काही खदखदत होतं ना, त्याचा आवाज असाच असणार! तिच्या हातातला ड्रायर एकाच जागी राहिला आणि खुर्चीतली बाई ओरडली, "अहो, कान भाजला माझा!"

या खेपेला चकरीनं कुणाला काही सांगितलं नाही. मनाशी ठरवलं: आधी वर्षभर गिटारीविना शिकायचं. वर्ष निभावलं तर विकत घ्यायची. नाही निभावलं तर लोक म्हणतात तेच खरं, आपण चकरी; मग पुन्हा कुठल्या हौसेचं नाव काढायचं नाही.

मोडक्या ट्रॉलीची एक अरुंद फळी होती. तिच्यावर तिनं केसांची सहा लांब रबरं ताणून बसवली, गिटारीच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांच्या जागी लाल नेलपॉलिशच्या रेघा ओढल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की टीव्हीवर एका टोपीवाल्या मास्तरांचे धडे लावायची. आता सलूनमधला टीव्ही कुठे असतो, तर मागच्या भिंतीवर, बाकड्याच्या वर. खुर्चीत बसणाऱ्याला तो समोरच्या आरशात दिसतो. अक्षरं उलटी दिसतात म्हणून एखादी बाई कुरकुर करी. "बातम्या उलट्या दिसतात हो."

"सुलट दिसल्या म्हणून कुठे कळतात?" चकरी म्हणे.

तर आरशात मास्तर, आणि मांडीवर फळी. रबरं मुकी. बोटं मात्र शिकत होती. सुरुवातीला बोटं एकमेकींत अशी गुंतत, जशी घाईत ओढलेली गुंतवळ. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की मास्तरांकडे न बघताच बोटं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतायत. ती उठून दोन गिरक्या घेऊन आली आणि परत बसली. परत बसली, हे महत्त्वाचं.

नणंद केसांना रंग लावून घ्यायला सलूनमध्ये यायची. घरचं माणूस, म्हणजे अर्थातच फुकट. रंग मुरेपर्यंत बसायचं तिला आवडायचंच. अशाच एका दिवशी ट्रॉलीखालची फळी तिच्या पायाला लागली.

"वहिनी, हे काय? संग्रहालयात नवीन आवक?"

चकरीनं सांगून टाकलं. वर्षाचंही सांगितलं. नणंदेनं रंगानं थापलेलं डोकं तिच्याकडे वळवलं.

"वर्षभर? तू? एकच गोष्ट?"

"हो, ताई."

"डॉक्टरला दाखवलंस का?"

मग म्हणाली, "घ्यायला जाशील तेव्हा मला ने. तुला काय, पहिल्या दुकानात पहिली दिसेल ती उचलशील नि बाहेर येशील. शिवणयंत्र तसंच आणलं होतंस."

हे खोटं नव्हतं.

चकरीनं वर्षभराची बक्षिशी कंडिशनरच्या रिकाम्या डब्यात साठवली होती. तेवढ्यातच गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारी पेटी, म्हणजे ॲम्प, दोन्ही बसवायचं होतं. घरखर्चाला हात लावायचा नाही. सलूनच्या सुट्टीच्या दिवशी डबा पिशवीत घालून दोघी निघाल्या. चकरी दहा पावलं पुढे, मग परत मागे, मग पुढे. नणंद म्हणाली, "तू दुप्पट चालतेस, पोचणार माझ्याबरोबरच."

दुकान बोळासारखं अरुंद होतं. दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या, खाली काळ्या पेट्यांसारखे ॲम्प. दुकानदार साठीचा असावा, पाठीवर करडी शेपटी सोडलेली. तिची टोकं इतकी फाटलेली, की चकरीची बोटं कात्रीसाठी शिवशिवायला लागली. नणंदेनं आल्याआल्या एकुलतं एक स्टूल पकडलं.

"बजेट किती?" त्यानं विचारलं. चकरीनं डबाच उघडून दाखवला. त्यानं आत डोकावलं, हसला नाही. हे नणंदेलाही आवडलं असावं.

"एक ऐका," तो म्हणाला. "नवशिके सगळे पैसे गिटारीत घालतात आणि ॲम्पच्या वेळी खिसे चाचपतात. इलेक्ट्रिक गिटार ॲम्पशिवाय म्हणजे वीज नसलेला पंखा. मध्यम गिटार घ्या, छोटा ॲम्प घ्या. घरात वाजवायला दहा वॉट रगड झाले."

त्यानं एक लाल गिटार काढली. नणंद पुढे वाकली. "हिला पोट कुठाय? ही तर भरीव फळी! फळी तर तुझ्याकडे होतीच, वहिनी."

"पोटाचं काम ॲम्प करतो," दुकानदार म्हणाला. त्यानं चकरीला दांड्याच्या कडेवरून बोट फिरवायला लावलं, धातूच्या पट्ट्यांची टोकं टोचतात का बघायला. तारा पट्ट्यांपासून फार उंच असल्या तर बोटं लवकर थकतात, हेही दाखवलं. मग एकेक ॲम्प लावला. पहिला नुसता गुणगुणत राहिला, चकरीच्या जुन्या ड्रायरसारखा. दुसऱ्याचं बटण फिरवलं की खरखर. तिसरा स्वच्छ होता, शिवाय त्याला हेडफोन लावायची सोय होती.

"म्हणजे हिला एकटीलाच ऐकू येणार?" नणंदेनं विचारलं. "आम्हाला नाही?"

"हो."

"हाच बांधा."

चकरीचा पाय थडथडत होता. हिशोब जमत होता, दोन्ही डब्यात बसत होतं. दुकानदारानं नणंदेला विनंती करून उठवलं, स्टूल चकरीपुढे ठेवलं आणि लाल गिटार दिली. "घ्या, धरून तरी बघा."

तिनं गिटार घेतली, फिरवली आणि मांडीवर ठेवली. दांडा उजव्या हातात.

दुकानदार थांबला. "डावखुऱ्या आहात का?"

"नाही हो."

"जेवते उजव्यानं, कात्री उजव्यानं," नणंद म्हणाली. "भांडताना दोन्ही चालतात."

"मग उलटी धरलीत. दांडा डाव्या हातात असतो."

"अहो, असं कसं? मी वर्षभर..." चकरीनं गिटार डाव्या हातात घेऊन पाहिली. बोटांनी तिथं काही ओळखलंच नाही. जाडजूड, परक्या बाईची बोटं. पुन्हा उजवीकडे घेतली तर बोटं चटकन आपापल्या जागी, पण तारांचा क्रम वरचा खाली झालेला.

मग तिला कळलं. तिचा चेहरा उतरला.

गिऱ्हाईक फोटो दाखवून म्हणतं, असा भांग पाहिजे. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, त्याचा भांग आपल्या उजवीकडे दिसला तर गिऱ्हाइकाच्या डाव्या बाजूला काढावा लागतो. चित्रात दिसेल त्याच्या उलट करायचं, हे तिच्या हातांना इतकं पाठ होतं, की डोक्याला विचारायची गरजच पडत नसे. मास्तरही चित्रातलेच. हातांनी त्यांनाही उलटवलं. पण मास्तर तर आरशात दिसत होते, आरशानं त्यांना आधीच एकदा उलटवलं होतं! म्हणून दांडा भलत्याच हातात गेला. आणि आरशासमोर आयुष्य काढलेल्या या बाईनं त्यात एकदाही स्वतःकडे पाहिलं नव्हतं. केस कापणाऱ्यांचं हे असंच असतं, आरसा गिऱ्हाइकाचा.

"काही बिघडलं नाही," दुकानदार समजुतीनं म्हणाला. "नवशिक्याचे दोन्ही हात सारखेच अडाणी. पुन्हा सुरुवात करा, थोड्या महिन्यांत याल पूर्वपदावर."

पुन्हा सुरुवात. चकरी उठली आणि दारापर्यंत जाऊन आली, परत गेली. सुरुवाती तिनं उदंड केल्या होत्या. सुरुवात करण्यात ती कुणाला हार गेली नसती. तिला एकदा तरी मधला रस्ता हवा होता, जिथून माणूस पुढे जातो. तो तिला सापडला होता आणि तो उलट्या हाताचा निघाला.

"तारा उलट्या नाही का लावता येणार?" तिनं विचारलं.

"येतील. पण तारांच्या खाचा जाडीप्रमाणे कापलेल्या असतात, त्या बदलाव्या लागतील. आणि बटणं कोपराखाली येतील. सारखी चिडाल."

"चिडते ती नाहीतरी," नणंद म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"डाव्या हाताची असते का वेगळी?"

दुकानदारानं मान खाजवली. आतून एक गिटार घेऊन आला. मळकट पिवळी, मोहरीच्या रंगाची, कोपऱ्यात टवका उडालेला. "एकच आहे. डाव्या कमी बनतात म्हणून महाग. ही घेतलीत तर ॲम्पचं विसरा."

चकरी बसली. दांडा उजव्या हातात घेतला. दुकानदारानं तारा जुळवून दिल्या होत्या. तिनं बोटं ठेवली, डाव्या हातानं तारा छेडल्या. ॲम्पशिवाय आवाज तो काय, चिलटाएवढा. एक तार भुणभुणली, एक मुकीच राहिली. मग बोटांनी उडी मारली, दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या. वर्षभर रबरांवर मारलेल्या मुक्या उड्या आता पहिल्यांदा, कशाबशा, पण ऐकू येत होत्या. ती पुन्हा पहिल्या जागी आली.

"ही," ती म्हणाली.

"अगं वहिनी, वीज नसलेला पंखा तो!"

"हातानं फिरवीन, ताई."

"रंग तरी बघ! कावीळ झाल्यासारखा."

"केसांचा असता तर बदलला असता."

दुकानदारानं गिटार कापडी पिशवीत घातली, वर एक केबल टाकली. "ही माझ्याकडून."

"जोडू कशाला?"

"राहू दे. ॲम्पची आठवण राहील." मग म्हणाला, "तोवर लाकडी कपाटाला टेकवून वाजवा. थोडं मोठं ऐकू येतं."

जाताना चकरीला राहवलं नाही. "तुमच्या शेपटीची टोकं दोन बोटं काढून देते. फुकट."

त्यानं शेपटी पुढे घेऊन मुठीत धरली. "केसांना हात नाही."

दोघी घरी गेल्या नाहीत. चकरीनं सलूनचं शटर अर्धं वर केलं, दिवा लावला आणि थेट गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. गिटारीची कड समोरच्या लाकडी कप्प्याला टेकवली. छेडली. कप्पा घुमला, कंगवे थरथरले. समोर आरसा होता, आणि या वेळी तिनं वर पाहिलं.

आरशातली बाई दांडा डाव्या हातात धरून बसली होती. सगळं जग धरतं तशी, अगदी सरळ. चकरी तिच्याकडे बघत राहिली. पाय हलत होता, पण आता तो ठेका धरून हलत होता. बोटं उडी मारत, चुकत, शिवी खात आणि पुन्हा तिथेच परत येत.

"मला बाकड्यावर काही म्हणता काही ऐकू येत नाहीये," नणंद वैतागून म्हणाली. "तो ॲम्प कधी घ्यायचा म्हणतेस?"

चकरी वाजवतच राहिली. नणंद स्वतःहून उठली आणि कप्प्याजवळ येऊन उभी राहिली. उभी! तेवढ्यात शटरखालून एका बाईनं डोकं आत घातलं. "चकरीताई आहेत का? आज सुट्टी ना? दिवा दिसला म्हणून... जरा पुढचे केस तेवढे..."

एरवी चकरी एव्हाना केप झटकून उभी असती. नणंदेनं खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि शटरपाशी गेली.

"अर्ध्या तासानं या, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "आमची वहिनी बसलीय."