ग्लेनिसला वाईट लिहिता येत नाही

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावात ग्लेनिस हार्कर घरीच पाळणाघर चालवते आणि मी शेजारीण म्हणून दुपारच्या चहाला तिथेच असते. ग्लेनिस कुणाबद्दल वाकडा शब्द काढत नाही. गुण चांगलाच, पण एकदा त्यानेच घात केला.

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून शॅनन मुलीला, छोट्या बॉनीला, घेऊन निघाली ती नदीकाठी गाडीतच राहू लागली. बॉनीला ग्लेनिसकडे जागा मिळाली म्हणून शॅननला द्राक्षाच्या मळ्यात कामावर जाता येत होतं. अशा मुलांची फी सरकार भरतं. पण नियम बदलले आणि मुलाला नेमका कसला धोका आहे, ते पाळणाघराने सविस्तर लिहून द्यायचं ठरलं. आमच्या बाईंनी काय लिहावं? "मुलगी गोड आहे. आई तिला जिवापाड जपते."

अर्ज नामंजूर झाला. आई जपते, तर धोका कसला? कचेरीला शिव्याही घालता येईनात, म्हणून माझा संताप ग्लेनिसवर निघाला.

"अगं, अर्ज लिहीत होतीस की वाढदिवसाचं कार्ड?"

"वाईट लिहिलं आणि सरकारने पोर आईपासून काढून नेली तर?"

शॅननलाही तीच धास्ती होती. पण पुन्हा अर्ज केला नाही तर बॉनीची जागा जाणार आणि पाठोपाठ शॅननचं काम. शेवटी एका दुपारी, मी चहाला असतानाच, ग्लेनिसने तिला स्वयंपाकघरात समोर बसवलं.

"तुझ्यादेखत लिहिते. नको वाटेल ते सांग, मी खोडते."

मारहाण लिहून झाली. गाडीत झोपणं लिहून झालं. शॅनन खाली मान घालून हं हं करत होती. मग ग्लेनिस अडखळली.

"काय गं? वाच ना," शॅनन म्हणाली.

"बॉनी जेवताना अर्धं सँडविच खिशात लपवते."

"खोटं आहे! मी उपाशी ठेवत नाही तिला! आधी तिला देते, मग मी!"

"ठाऊक आहे मला. मी विचारलं तिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आईला रोजच कशी भूक नसते?"

शॅनन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"संध्याकाळी मला देते ती," शॅनन म्हणाली. "म्हणते, ग्लेनिसकडे उरलं होतं. आणि मी खाते गं."

ग्लेनिसने ती ओळ खोडायला पेन टेकवलं.

"खोडू नकोस," शॅनन म्हणाली. "राहू दे ते."