पोळ्याच्या चौकटीतलं नाव

राव भैया गेल्याचं मला गेटवर पास दाखवताना कळलं. सुपरवायझर सांगत होता, "राव चला गया. बी शिफ्ट में एक आदमी कम है, कौन रुकेगा?" मी घाबरून हात वर केला... आता त्यांना स्मशानात पोचवायला जायचं तर ड्युटी कोणाशी बदलणार? ज्याला विचारायचं तोच गेला होता.

नववीत शाळा सोडलेला मी लग्नानंतर भंडाऱ्याकडून भिलाईला आलो, तेव्हा पोलाद कारखान्यातल्या ठेकेदाराकडे मला त्यांनीच लावलं. भट्टी कोणाच्या सणासाठी थांबत नाही. आमच्या टोळीत तेलुगू, उडिया, बिहारी, छत्तीसगढी, दोन मुसलमान, एक सरदार, केरळचा एक ख्रिस्ती. म्हणून राव भैया जानेवारी लागताच रेस्टरूमच्या कॅलेंडरवर सगळ्यांचे सण गोल करत. छठ, नुआखाई, हरेली, नाताळ. ईद पेन्सिलीने, चंद्राचा भरवसा नाही म्हणून. खाली त्या दिवशी सणवाल्याच्या जागी ड्युटीवर उभं राहणाऱ्याचं नाव. बहुतेक चौकटींत 'राव'च. पहिल्याच वर्षी मला म्हणाले, "काऊन रे, बैलाचा सण कधी तुझा?" मराठी त्यांना एवढीच यायची, पण मला रडू फुटलं. त्यांच्या जिवावर मी सहा पोळे गावी केले, पोराचा लाकडी बैल मिरवला.

त्यांनी मागितलं एकदाच, यंदाच्या संक्रांतीला, त्यांच्या तेलुगू मुलखातल्या सगळ्यात मोठ्या सणाला. "इस बार तू रह जा. गाँव में अम्मा बहुत बूढ़ी हो गई है." मी हो म्हणालो. पण ठेकेदार माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. माझी आणि त्यांची अशा सलग दोन ड्युट्यांत काही चुकलं तर माझंच नाव कटेल, या भीतीने आदल्या दिवशी फोन केला, "भैया, मले ताप आला."

"...अच्छा. दवाई ले ले."

संक्रांतीला ड्युटी सुटल्यावर ते खुर्सीपारला माझ्या खोलीवर डबा घेऊन आले. मी दारात सायकलचं पंक्चर काढत बसलो होतो. त्यांनी पाहिलं. "गरम है, खा ले," म्हणाले आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांचं गावी जाणं मग राहूनच गेलं. छातीत कळ आली, संपलं. अम्मा अजून आहे.

कॅलेंडर तिथेच लटकतंय. संक्रांतीखाली माझं नाव, पोळ्याखाली 'राव'. मी दगा दिल्यावरही त्यांनी पोळ्याखालचं आपलं नाव खोडलं नाही. परवा एक जण म्हणाला, "इसको काटो, दूसरा नाम लिखो." मी पेन काढून घेतला. पोळ्याला मी गावी जाणार नाही, त्या नावाच्या जागी मीच उभा राहीन. त्याने त्यांची संक्रांत परत येत नाही.